उन्हाला घातलेले सेल

बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा वसमतच्या पुनमला भेटायला हवं होतं. तिनं एक गोष्ट अकरा वर्षं तोंडात धरली होती. नवऱ्याला सांगितली नाही, आईला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्या थोरल्या भावाला तर नाहीच नाही. तो समोर असता तर कधीतरी सुटली असती तोंडातून. पण भाऊ गाव सोडून गेला होता, आणि का गेला याचं कारण आपणच आहोत असं तिला वाटायचं.

गोष्ट पंच्याण्णव सालची. हट्ट्यातलं हे धनगराचं घर. आई चतुराबाई, वीस वर्षांचा रामकिशन, अकरा वर्षांची पुनम आणि साठ-सत्तर मेंढरं. बाप पुनमला नीट चालताही येत नव्हतं तेव्हाच गेलेला. पावसाळा सरला की सिद्धेश्वरच्या धरणाकाठी पाल ठोकायचं, पाणी मागं हटेल तशी उघडी पडणारी हिरवळ मेंढरांना चारायची आणि उन्हाळाभर तिथंच राहायचं, हा त्यांचा दरसालचा शिरस्ता. रामकिशन मेंढरांमागं हिंडायचा खरा, पण लग्नसराई लागली की त्याचे पाय वसमतकडं वळायचे. किशनरावांच्या बँजो पार्टीत तो कॅसिओ वाजवायचा. शिकवलं कुणी नव्हतं. बोटं आपली आपणच शिकली होती.

त्या साली किशनरावांनी मुंबईच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान घाऊक उचललं. त्यात एक चंदेरी डबा निघाला. वहीएवढा, वर गोल फिरवायच्या मुठी नि खाली बटणांची रांग. कुठल्या मुलुखातला होता कोण जाणे, सोबत पुस्तक नव्हतं. किशनरावांनी दोन दिवस बटणं दाबून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी तो रामकिशनच्या गळ्यात मारला. "घे बाबा, तुला लागला तर लागला. मला तर हे भंगार दिसून राहिलं."

रामकिशननं त्या डब्याचा नाद घेतला. महिनाभर खटपट केल्यावर त्याला उमगलं की डब्यात सोळा घरं आहेत. एकेका घरात एकेक सूर ठेवायचा, नाहीतर घर मोकळं सोडायचं. चालू केला की डबा ती सोळा घरं दमेपर्यंत फिरत बसायचा, आणि दमणं त्याला माहीतच नव्हतं. आवाज सगळा खर्जातला. ऑर्केस्ट्रात बेस म्हणतात तो, पोटात वाजणारा. आणि बंद करून दुसऱ्या दिवशी लावला तरी भरलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवायचा. मेंढरांची राखण करणाऱ्याला असा डबा म्हणजे आयता सोबती. चार सेल, एक इअरफोन, की माणूस धरणाकाठी बसून दिवसभर सूर लावत राहणार.

तीन महिने तो एकच धून बांधत होता. आज एक सूर ठेवायचा, रात्र जाऊ द्यायची, उद्या काढून टाकायचा. इअरफोनची एक गोळी त्याच्या कानात, दुसरी पुनमच्या. ती धून बुटकी, झाकलेल्या आवाजाची, सावकाश होती. मेंढरं पाण्याकडं उतरताना चालतात तशी. पुनमला ती फार आवडायची. आई तिला त्याच साली भाकरी शिकवत होती. भाकऱ्या थापतानाही ती एका कानात गोळी घालून बसायची आणि चतुराबाई ओरडायची, "अगं, कान भाकरीकडं दे जरा!"

"दादा, कोन्या वरातीत वाजवायची ही?" पुनमनं विचारलं होतं.

"आपल्या गावच्या. येत्या बेस्तरवारी हट्ट्याला लगीन हाय ना, तिथं. आपल्या गावानं आधी ऐकावी, मंग बाकीच्यांनी."

आता पुनमचा गुन्हा. त्या काळी ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या दारी उन्हाला घातलेले सेल, असं ठरलेलंच होतं. सेल उतरले की फेकायचे नाहीत. दुपारभर तापल्या दगडावर मांडायचे, पापडासारखे उलटे-पालटे करायचे, की आणखी चार दिवस रडतखडत चालतात. पालावरच्या रेडिओचे सेल तापवायचं काम पुनमकडंच होतं आणि त्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. लग्नाच्या दिवशी रामकिशन मेंढरं पाण्यावर घेऊन गेला. डब्याचा लाल दिवा तिला जरा मंद वाटला. आज भावाची धून वाजायची, सेल दगा देतील, म्हणून तिनं मागचं झाकण उघडलं, चारी सेल काढले, दोन तास उन्हात चांगले भाजले, आणि बराबर होते तसे परत बसवले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंच नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दिवेलागणीला मारुतीच्या देवळासमोर वरात थांबली, किशनरावांनी खूण केली, रामकिशननं बटण दाबलं आणि डब्यातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. सूर उड्या मारत होते, घसरत होते, मध्येच मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसे कळवळत होते. रामकिशननं बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. पुनम बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिथून तिला भावाचा चेहरा दिसला. तिला त्या क्षणी सगळं कळलं. सेल काढले, म्हणून हे झालं. पण तिनं तोंड उघडायच्या आत हलगीवाल्यानं ती वेडीवाकडी चाल उचलली, आणि वरात जी नाचायला लागली ती काही केल्या पुढं सरकेना. म्हातारी माणसंसुद्धा फेटे सोडून नाचली. नवरदेव घोड्यावर बसून कंटाळला, शेवटी उतरून तोही नाचला.

त्या चालीचं नाव पडलं 'येडी'. दोन लग्नसराया औंढ्यापासून कुरुंद्यापर्यंत येडी वाजल्याशिवाय नवरी घरात गेली नाही. किशनरावांची पार्टी दोन-दोन महिने आधी ठरवावी लागायची. लोक रामकिशनची पाठ थोपटायचे, "काय डोकं लावलं गड्या!" आणि रामकिशन खाली मान घालून वायर गुंडाळत राहायचा. लोकांना वाटायचं, पोरगं नम्र आहे. त्यानं स्वतःची धून पुन्हा भरायचा प्रयत्न केला, खूपदा केला. पण त्याच्या बोटांनी ती चाचपडत, अंधारात घरचा रस्ता धरावा तशी बांधली होती. पुन्हा तीच वाट सापडेना. आणि भरायला जावं तर किशनराव ओरडायचे, "अरे, येडी पुसशील! हात लावू नको त्याला!"

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी रामकिशननं डबा किशनरावांच्या ओट्यावर ठेवला आणि पुण्याकडं चाकणला निघून गेला. तिथं एका गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या कामावर लागला. किशनराव म्हणाले, शेफारला. चतुराबाई म्हणाली, दृष्ट लागली. पुनम काहीच म्हणाली नाही. डबा पुढं कुणाकडं गेला, कुठल्या भंगारात विरघळला, ठाऊक नाही. रामकिशन आईला न चुकता पैसे पाठवायचा, सणाला फोन करायचा, पण वाजवणं त्यानं सोडलं ते सोडलंच. पुनमच्या लग्नाला सकाळी आला, संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. वाजंत्रीवाल्यांनी कौतुकानं येडी सुरू केली तेव्हा तो मांडवाच्या मागं जाऊन उभा राहिला होता, हे फक्त नवरीनं पाहिलं. अंतरपाटाकडं बघायचं सोडून ती भावाला शोधत होती.

तिचा नवरा बजरंग वसमतला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. माणूस हौशी आणि भला. सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालणारे. दुपारी पोरं टायपिंग शिकायची आणि बाकी वेळ मोबाइलमध्ये रिंगटोन भरून घ्यायला गिऱ्हाईक यायचं. रिंगटोनसाठी म्हणून बजरंगनं दोन हजार सहा साली नांदेडहून गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरची एक सीडी आणली. पुनमनं सहज त्यातल्या एका चित्रावर क्लिक केलं आणि स्क्रीनवर तोच डबा उमटला. तोच चंदेरी रंग, त्याच मुठी, तीच सोळा घरं. तिचा हात माउसवरच राहिला.

"काय झालं गं?" बजरंगनं विचारलं.

"काई न्हाई. आमच्या दादाकडं असला डबा व्हता."

सॉफ्टवेअरसोबत इंग्रजीत माहिती होती. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिनं ती चार दिवसांत वाचून काढली. जुन्या खऱ्या डब्याबद्दल त्यात लिहिलं होतं, सेल झटपट बदलले तर ठीक, पण बराच वेळ काढून ठेवले की याची आठवण पुसली जाते आणि कधीकधी तो मनानंच काहीबाही भरून ठेवतो. अकरा वर्षांनी पुनमच्या गुन्ह्याचा निकाल लागला, तोही इंग्रजीत. तिनं डिक्शनरी मिटली आणि पदर डोळ्यांना लावला.

मग तिनं ठरवलं, दादाची धून तर पुसली गेली, आपण निदान येडी पुन्हा बनवायची. भावाचं नाव ज्या चालीनं झालं ती त्याला हुबेहूब करून पाठवली, तर त्याचं मन वळेल, तो परत येईल. तिचा हिशोब साधा होता. कुणाच्या तरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट मिळवून ती दुपारच्या सुट्टीत कामाला लागली. सूर सापडले, घरं भरली, पण वाजवलं की शाळेतलं पोरगं कविता म्हणतंय असं वाटायचं. कितीतरी दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की येडीतले काही सूर सुटे नाहीतच. एक सूर न उचलता दुसऱ्यात घसरतो. तशी खूण प्रत्येक घराखाली होती. ती लावली, दोन-तीन घरांवर ठसका वाढवला, आवाजाचं तोंड उघडणारी मूठ हळूहळू फिरवली, आणि क्लासमधली पोरं खुर्च्या सोडून नाचायला लागली. बजरंगही. पुनमनं सीडी बनवली, पुठ्ठ्यात घालून रजिस्टरनं चाकणला पाठवली.

आठव्या दिवशी फोन आला.

"ऐकली," रामकिशन म्हणाला. "इथं एकाच्या खोलीवर सीडी हाय, त्याच्यावर. हुबेहूब केलीस पुने. मला तर खरं बी वाटंना."

"मंग ये ना गावाला. आई लई याद करती."

फोनवर मागं गोदामातली आदळआपट चालली होती.

"पर ती माझी न्हाई," तो म्हणाला. "येडी मी बनवलीच न्हाई कधी. ती डब्याची. माझी येगळी व्हती, धरणावर बांधलेली. ती त्या दिवशी पुसली गेली. आता कोनालाच याद नसंल ती." मग घाईघाईनं, "चल, गाडी लागली. आईला सांग, बरा हाय म्हनून," आणि फोन ठेवला.

पुनमनं रिसीव्हर जागेवर ठेवला. अकरा वर्षं जी चाल भावाचा मान म्हणून ती जपत होती, ती त्याच्या जखमेवर रोज चोळलेलं मीठ होती. गावानं चोळलं, किशनरावांनी चोळलं, आणि आता तिनं ते पुठ्ठ्यात बांधून रजिस्टरनं पाठवलं होतं.

त्या धुनीसाठी दुसरा कान होता तो फक्त तिचाच. म्हणजे ती कुठं असलीच तर तिच्यातच असणार. पण आठवायला बसलं की येडी मध्ये घुसायची. आठ दिवस ती कॉम्प्युटरपुढं बसली नि आठ दिवस रिकामी उठली. एकदा ती हट्ट्याला आईकडं गेली आणि चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायला लागली. चतुराबाई शेजारी मिरच्या निवडत होती, ती एकदम हसली.

"अजून तशीच थापती का गं तू? सरळ थाप न्हाईच तुझी. थांबती, पुन्यांदा मारती. त्या पोराच्या नादानं तुझा हात तवाच बिघडला."

पुनमचा हात परातीवर थांबला. मग तिनं पुन्हा थापायला सुरुवात केली, या वेळी कान देऊन. दोन थापा, मोकळं घर, एक थाप, दोन मोकळी, पुन्हा एक. काखेत कळसा नि गावाला वळसा! अकरा वर्षं ती रोज दोन्ही वेळेला भावाची धून थापत होती आणि आधी आई, मग सासरची माणसं ती निमूट खात होती. चाल सापडली तसे सूरही एकेक करून तोंडात आले. ती गुणगुणत होती, रडत होती, आणि भाकरी परातीला चिकटून बसली होती.

पण घरं मोजली तर बाराच भरली. शेवटची चार सापडेनात. तिनं पन्नास भाकऱ्यांचं पीठ वाया घालवलं तेव्हा कारण कळलं. बारा घरांपर्यंत थापायचं, आणि मग हात पिठात घालून भाकरीखाली भुरभुरायचं, ती जरा फिरवून घ्यायची, तोवर चार घरं निघून जायची. तेवढा वेळ हात गप्प असायचा. हातानं ऐकलेलं हाताला आठवत होतं, आणि ती चार घरं हातानं कधी ऐकलीच नव्हती.

बारा भरली, चार मोकळी सोडली, आवाजाची मूठ पार मिटवून झाकला सूर केला, आणि एका दुपारी क्लासमध्ये कुणी नसताना तिनं चाकणला फोन लावला. काय बोलायचं ते तिनं चांगलं घोकलं होतं. त्यातलं काही तोंडातून निघालं नाही.

"दादा, सेल मी काढले व्हते."

"कोनते सेल?"

"डब्यातले. हट्ट्याच्या लग्नाच्या दिवशी. तू मेंढरं पाण्यावर नेली व्हती. मी चारी सेल काढून उन्हाला घातले, रेडिओचे घालतो तसे. त्यानं पुसली गेली तुझी धून. मला तवाच कळलं व्हतं अन् मी बोलले न्हाई. आता काय बोलायचं ते बोल मला."

मागं कुणीतरी रामकिशनला हाक मारली, त्याला त्यानं "थांब जरा" म्हटलं.

"तू?"

"व्हय."

"उन्हाला घातले?"

"व्हय दादा."

फोनमधून आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा हे तिला कळेना.

"मला काय वाटून राहिलं व्हतं सांगू? मला वाटलं, डब्यालाच माझी धून पसंत पडली न्हाई. तीन महिने मी त्याच्यात भरत व्हतो अन् त्यानं ती एका दिवसात थुकून टाकली. आपली भरली, अन् ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. समद्या गावानं तीच उचलली. एका मशीनीला कळतं तेवढं बी मला कळत न्हाई, मंग मी काहून वाजवावं? अकरा वर्सं, पुने. अन् तू नुसते सेल वाळवले व्हते."

"मला माफ कर रे."

"माफ काय करायचं त्यात. लेकरू व्हतीस."

तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "मी तुझी धून बनवली, दादा. येडी न्हाई. धरणावरची. ऐक." तिनं रिसीव्हर स्पीकरला लावला आणि बटण दाबलं. दोन फेऱ्या झाल्यावर पुन्हा कानाला लावला. "ऐकू आली?"

"काई न्हाई. नुसती खरखर."

तिनं आवाज वाढवला, हेडफोन काढून थेट रिसीव्हरला चिकटवला. तरी तेच. एवढा खोल सूर फोनच्या तारेत शिरतच नव्हता. इकडं टेबलावरचा चहाचा कप थरथरत होता आणि तिकडं चाकणला काहीही पोचत नव्हतं.

"राहू दे," रामकिशन म्हणाला. आवाज आता घाईचा नव्हता. "किती घरं सापडली?"

"बारा. मागची चार न्हाई सापडत. तुला याद असतील ना? सांग, मी भरते. आत्ता भरते." तिनं माउस हातात घेतला. भावाला असणारच याची तिला खात्री होती. म्हणून तर ती चार घरं नसताना तिनं धीर करून फोन लावला होता.

रामकिशननं काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, दोन-तीन सूर, आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबला.

"न्हाई गं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला असतील."

स्क्रीनवर बारा घरं वाजून चार मोकळी जात होती, पुन्हा बारा वाजत होती. एवढ्या मोठ्या जगात ती चार घरं आता कुणाकडंच नव्हती, आणि हे दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं. पुनमला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण बाहेर पोरं यायला लागली होती.

"मी भरू का माझ्या मनानं काई?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई! भरू नको. तशीच मोकळी ठिव." मग तो म्हणाला, "रविवारी चालू असतो का गं तुमचा क्लास?"

"न्हाई, रविवारी बंद असतो," पुनम म्हणाली, आणि लगेच, "पर मी उघडते दादा. मी उघडते."